नाना अजून कागदवाल्यांना हसतात

ती. स्व. दादांस,

तुमच्या एकुलत्या एका बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचा नमस्कार. साष्टांगच लिहिणार होतो, पण खोकी उचलून उचलून कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जी अंगं अजून वाकतात तेवढ्यांचा गोड मानून घ्यावा. तुमचा रक्तदाब आता कसा आहे? वहिनींची टाच दुखायची थांबली का? थांबली नसेल तर जाड तळव्याच्या चपला घ्यायला सांगा, बाकी सगळी औषधं म्हणजे डॉक्टरांची करमणूक. इकडे आम्ही सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा. (हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं विचाराल. फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "बरं, मग ठरलं काय?" म्हणता. ही हकीकत दोन वाक्यांत मावत नाही. शिवाय ती या घरात मोठ्यानं बोलायची माझी छाती नाही.)

काम सोपवताना तुम्ही म्हणाला होता की काही विशेष नाही. नाना गेल्यापासून आई एकट्याच राहतात, त्यांची समजूत घालायची, घर आवरायचं आणि त्यांना तुमच्याकडे आणून पोचवायचं. तुमच्या बहिणीला शाळेतून रजा मिळेना, आणि कानाच्या यंत्रांच्या धंद्यात माणसाची कुणाला तातडीनं गरज लागत नाही असा तुम्हां दोघां भावंडांचा समज आहे, म्हणून मी आलो. सासुरवाडीत जावयाचा मान असतो असं ऐकून होतो. मला आल्या आल्या सुतळीचा गुंडा मिळाला.

समजूत घालायला फार दिवस लागतील असं वाटलं नव्हतं. आई समोरच्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतात, मान हलवतात आणि मग भलत्याच गोष्टीचं उत्तर देतात. मी म्हटलं, "आई, दादांकडे मोकळी हवा आहे." त्या म्हणाल्या, "हो, तवा कालच पुसला." मी समजलो, टाळताहेत.

आता नानांच्या सीडींबद्दल. त्या बांधायला काढल्या तिथपासूनच सगळं सुरू झालं. तुम्ही घरातून लवकर बाहेर पडलात, पण मी साखरपुड्यापासून दर भेटीला या छोट्या विनोदपटांच्या तावडीत सापडलेला माणूस आहे. काळे-पांढरे, मुके, चहा गार होईपर्यंत संपणारे. आधी रिळं होती, मग कॅसेटी, मग सीडी; पण माणसं तीच आणि पडायची ती जागाही तीच. नानांचा सगळ्यात लाडका तो कागदवाल्यांचा. एक जाडा आणि एक काटकुळा, दोघे एका खोलीच्या भिंतींना रंगीत कागद लावायला येतात, शिडीवरून पडतात, खळीच्या बादलीत पाय घालतात, आणि कामाच्या नादात दारावरही कागद चिकटवून टाकतात. शेवटी खोली सुंदर दिसते आणि तिला दारच नसतं. मग दोघे भिंतींवर टकटक करत दार शोधत फिरतात, काटकुळा आपल्याकडे बघतो, आणि संपलं.

यावर या घरात जो वाद चालायचा तो तुम्हांला ठाऊकच आहे, पण मी दोन्ही बाजूंचा मुका साक्षीदार असल्यानं नोंदवून ठेवतो. आईंचं म्हणणं, एकदा पाहिलेलं पुन्हा काय पाहायचं? त्यांची ती हॉस्पिटलची मालिका बघा. पहिल्या भागात जी पोर शिकाऊ डॉक्टर होती ती आता आजी झाली. माणसं वाढतात, म्हातारी होतात, आपल्याबरोबर चालतात. नानांची ही दोघं जन्मभर शिडीवरच. नानांचं म्हणणं असं की मालिका पाहायची ती पुढे काय होणार म्हणून. ते कळलं की तिचं चिपाड झालं. तिचा जुना भाग पुन्हा लावून पाहा म्हणावं कुणी! पाहवत नाही. उलट इथे पुढे काय होणार हे ठाऊक असतं, आणि ठाऊक असतं म्हणूनच हसू येतं. काटकुळ्यानं बादलीकडे पाय उचलला की नाना पाय पडायच्या आधीच हसून मोकळे. (आधी श्वास रोखायचा, मग उचकीसारखा एक "हुक्", मग मांडीवर थाप. हे असं हसणं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही, आणि मी आवाजांवरच पोट भरतो.) मी एकदा धीर करून विचारलं होतं, की लिफ्टचे तपासनीस म्हणून तुमचा जन्म माणसं पडू नयेत यात गेला, आणि घरी येऊन तुम्ही माणसं पडताना बघता, हे कसं? ते म्हणाले, "खरी पडलेली पाहिली आहेत. ही उठतात."



असो. मागच्या आठवड्यात एका दुपारी मी स्वयंपाकघरात कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. बाहेरच्या खोलीत आई काही तरी शिवत बसल्या होत्या, टीव्ही चालू होता, पण आवाज नव्हता. मी समजलो, मालिकेच्या मधली जाहिरात असेल. आणि बाहेरून आवाज आला. आधी रोखलेला श्वास. मग "हुक्". मग थाप.

दादा, मी रोज माणसांना आवाजबंद पेटीत बसवून बारीक बारीक सूर ऐकवतो आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणतो. निम्मे लोक सूर नसतानाही दाबतात. त्यांना सूर यावासा वाटत असतो, म्हणून तो येतो. हे मी हसत हसत लोकांना समजावून सांगतो. तेव्हा त्या दिवशी मीही स्वतःला समजावलं, की आईच हसल्या असतील. इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर हसणंही उचललं जात असेल. बाहेर आलो. टीव्हीवर कागदवाले चालले होते. आईंनीच लावलेले! ज्या बाईंनी नवऱ्याच्या हयातीत त्या पडद्याकडे पाठ करून भाजी निवडली त्यांनी. काटकुळ्याचा पाय बादलीत होता. आणि आईंच्या ओठांत दोरा होता, दात घट्ट मिटलेले, सुई डोळ्यांसमोर. तसं तोंड ठेवून कुणाला हसता येत असेल तर मी माझं दुकान बंद करतो.

मी विचारलं, "आई, तुम्ही हसलात?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग ओठांतला दोरा काढला आणि म्हणाल्या, "कुठून आलं?"

मी नानांच्या खुर्चीकडे बोट केलं. ती वेताची, मध्ये खोलगट झालेली, ज्यात बसल्या बसल्या, हेच बघता बघता, ते गेले. खुर्ची रिकामी होती. (रिकामीच असणार, हे मला कळतं. पण ती किती रिकामी होती ते लिहून सांगता येत नाही.)

"मग बरोबर," आई म्हणाल्या, आणि पुन्हा दोरा ओवायला लागल्या.

मी काय काय तपासलं याची यादी देऊन तुम्हांला पिडत नाही. शेजारच्या घराला कुलूप आहे, वरचे पाहुणे म्हणून गावाला गेले आहेत, खिडक्या बंद होत्या, नळ गळत नव्हता. मग मीच कागदवाले पुन्हा लावले, या वेळी समोर बसून. यात एक वाईट गोष्ट झाली. आजवर मी तो नानांच्या धाकानं पाहिला होता, आता पहिल्यांदा नीट पाहिला. दादा, त्या चित्रपटातलं एकूण एक माणूस मेलेलं आहे. जाडा मेला, काटकुळा मेला, कोपऱ्यातून जाणारं मांजरसुद्धा केव्हाच मेलं असेल. आणि तरी ते दार शोधताहेत. काटकुळा शेवटी आपल्याकडे बघतो ना, ते आजवर मला विनोदी वाटायचं. त्या दिवशी वाटलं, तो विचारतोय. मालिकेत असलं काही होत नाही, तिथे मेलेला फोटोत जातो आणि बाकीचे पुढे चालतात.

हसू आलं. माझ्या डाव्या बाजूनं, खुर्चीच्या उंचीवरून, स्पष्ट. पण नेहमीसारखं पाय उचलताना नाही, त्याच्याही कितीतरी आधी. काटकुळा अजून खोलीत शिरलाही नव्हता तेव्हा. आई म्हणाल्या, "आलं ना?" आणि माझ्या तोंडाकडे पाहून मान हलवली. मी विचारलं, तुम्हांला किती दिवस ऐकू येतंय? त्या म्हणाल्या, "चालायचंच." या बाईंच्या धीराला मी मनातून हात जोडले.

त्याच संध्याकाळी मालिका लागली. नवा कोरा भाग, कुणीच न पाहिलेला. मोठे डॉक्टर आपल्या मुलाला मिठी मारत होते, मागे गोड संगीत, सगळं आनंदीआनंद. आणि खुर्चीतून "हुक्". मी ताडकन उठलो. आईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि संतापून म्हणाल्या, "मरणार ना आता हा? सांगून टाकलं ना?" आणि जाहिरातीनंतर मोठे डॉक्टर खरोखरच जिन्यावरून गडगडत गेले की हो! आईंनी टीव्ही बंद केला. म्हणाल्या, "जिवंतपणी माझ्या मालिकेची टिंगल केली ती केली. आता आधीच फोडायला लागलेत." मला हसावं की देवाचं नाव घ्यावं कळेना. जो माणूस तोच चित्रपट जन्मभर पाहायचा आणि घडायच्या आधी हसायचा, तो आता न घडलेल्या गोष्टींना आधी हसतोय. म्हणजे त्यानं त्या पाहिलेल्या आहेत, दादा. त्याचं हे दुसऱ्यांदा चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही बंद होता. मी कपबश्यांचं खोकं उचलून दाराकडे निघालो आणि खुर्चीतून श्वास रोखल्याचा आवाज आला. मी जागच्या जागी थिजलो. आईंनी माझं तोंड पाहिलं आणि हातातला झाडू टाकून त्या मटकन स्टुलावर बसल्या. "हुक्." थाप. आणि खोक्याचा तळ सुटला. तुमच्या लग्नातला तो निळ्या काठाचा संच, त्यातली साखरदाणी तेवढी वाचली. (वहिनींना हे एवढ्यात सांगू नये.) आई स्टुलावरूनच म्हणाल्या, "असं झालं की मी बसून घेते. होऊन जाऊ दे, मग उठायचं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरांनी बजावलं होतं ना, की या वयात एकदा पडल्या तर खुब्याचं हाड जाईल आणि मग अंथरूण? नाना गेल्यापासून आई एकदाही पडलेल्या नाहीत. लिफ्टचा तपासनीस अजून ड्युटीवर आहे!

आता तुम्हीच सांगा, अशा बाईंना त्या खुर्चीपासून उचलून तुमच्याकडे न्यायचं कुठल्या तोंडानं? मी माझ्यापुरता एक उपाय काढला. इथे माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं कानाच्या यंत्रांचं दुकान आहे. आईंना तिकडे घेऊन गेलो, सांगितलं की सहज कान तपासू. खरं म्हणजे मला बघायचं होतं की हसू घराचं आहे की माणसाचं. पेटी भर दुपारी रिकामी मिळाली. आई आत बसल्या, कानांवर ते मोठे डबे, हातात बटण, मी काचेबाहेर. मी अजून एकही सूर पाठवला नव्हता. आणि माझ्यासमोरचा दिवा लागला. विझला. लागला. आई माझ्याकडे बघत होत्या आणि बटण दाबत होत्या, चेहरा इतका प्रसन्न की काय सांगू. आत चिडीचूप, दादा. त्या पेटीत स्वतःच्या नाडीशिवाय काही ऐकू येत नाही. मी दार उघडून विचारलं, काय ऐकू आलं? त्या म्हणाल्या, "ते आलेत ना इथंही." तुमचं काम झालं होतं. हसू घराचं नाही, आईंबरोबर चालतं.

मग खरे सूर पाठवले तेव्हा दुसरी गोष्ट कळली, ती धक्क्याचीच आहे. आईंचे दोन्ही कान जवळजवळ गेलेले आहेत, आणि आजचे नाहीत. त्या मालिकेतले निम्मे शब्दही त्यांना ऐकू येत नव्हते. चेहरे बघून त्या गोष्ट स्वतःच रचत होत्या, आणि माझ्या मते ती मूळ गोष्टीपेक्षा चांगली होती. मी विचारलं, मग नानांचं हसणं कसं ऐकू येतं? त्या म्हणाल्या, "तेवढं येतं." दोन्ही कानांना यंत्रं बसवून दिली. घरी येताना रिक्षाचा हॉर्न वाजला तर आईंनी माझा दंड धरला.

तेव्हा दादा, आनंदाची बातमी ही, की आई यायला तयार आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं: वरच्या मजल्यावर त्यांची स्वतंत्र खोली तयार आहे, खिडकीतून झाडं दिसतात, दादांनी खोलीकडे जायला नवा घोटीव दगडाचा जिना करून घेतला आहे, कठडा तेवढा सुतारानं रखडवलाय, वहिनी वाट बघताहेत, सगळे सुखात राहतील. पुढच्या आठवड्यात निघतो. आम्हांला घ्यायला यावं.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापे (मोठ्याला नको, त्याला मिशा फुटल्या आहेत).

तुमचा,
आवाजांचा धंदा सोडायच्या विचारात असलेला,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. नानांची खुर्ची बरोबर येते आहे. ती खोलीत टीव्हीसमोर ठेवावी आणि तिच्यावर कुणी बसू नये. पाहुण्यांना वेत टोचतो म्हणून सांगा.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र आईंना वाचून दाखवलं. आता त्यांना ऐकू येतं, तेव्हा मनात म्हटलं, बघा, यंत्र किती उत्तम चालतं. तर जिन्याच्या ओळीपाशी आलो आणि खुर्चीत श्वास रोखला गेला. मी थांबलो. पुढे वाचवेना. "हुक्" आलं, थाप आली, आणि यापूर्वी कधी झालं नव्हतं ते झालं: पुन्हा श्वास, पुन्हा "हुक्", पुन्हा थाप. आईंनी बांधलेली पिशवी खाली ठेवली आणि त्या बसल्या. दादा, मला यातलं काही समजत नाही, आणि मी यावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण हे पत्र मी आता खरं म्हणजे एवढ्यासाठीच टाकतोय की कठडा बसेपर्यंत त्या जिन्यावर तुम्ही, वहिनी, मुलं, कुणीही पाय ठेवू नये. तुमचा फोन कालपासून वाजतो आहे आणि उचलत कुणी नाही. पत्र मिळताच दोन शब्द कळवा. दोनच चालतील.

चिरंजीवास अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवायला जावईबापूंनी माझ्याकडे दिलं म्हणून खालच्या जागेत लिहिते. त्यांना दाखवलेलं नाही.

ते भले गृहस्थ आहेत, त्यांना हसू नकोस. मला खुर्चीतून काही ऐकू येत नाही. कधीच आलेलं नाही. तुझे वडील गेल्यावर मी रोज दुपारी ती कागदवाल्यांची सीडी लावून बसत होते, वाटायचं, निदान इथं तरी काही येईल. मग जावईबापू एकदा स्वयंपाकघरातून धावत आले आणि विचारायला लागले, तुम्ही हसलात का. तेव्हा कळलं, यांना येतं. मी मानेनं हो म्हणत गेले. त्यांचं तोंड उतरलं की मी समजायची, आता आलं. त्या पेटीतही ते काचेतून इतक्या आशेनं बघत होते की बटण दाबलं.

यंत्रं बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी, ते बाजारात गेले असताना, मी सीडी पुन्हा लावली. घड्याळ ऐकू आलं, खाली कुणी भांडी घासत होतं ते ऐकू आलं, सुईचा डबा मिटला तोही ऐकू आला. बाकी काही नाही.

जिन्याचं मात्र ऐक. वाचता वाचता त्यांचा जसा चेहरा झाला तसा मी पाहिलेला नव्हता. फोन का उचलत नाहीस? कठडा लाव, मग मी येते. आणि जावईबापूंना अधूनमधून राहायला बोलावत जा. ते आले की मला कळेल तरी, तुझे वडील कुठं कुठं हसतात ते.